लिहून घेतलेले राजीनामे : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


हिंजवडीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर सहा खुर्च्यांची एक मीटिंग रूम आहे. तीन दिवस, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, मी त्या खोलीत बसून होतो. शेजारी एचआरची एक मुलगी, समोर रिकामी खुर्ची, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. एकेकाला आत बोलवायचे. येणाऱ्याला वाटायचे, अप्रेझलचे काही असेल. त्याला सांगायचे की क्लायंटने काम आवरते घेतले आहे, तुमच्यासाठी दुसरा प्रोजेक्ट सापडलेला नाही, तेव्हा राजीनामा द्या. आजच द्या. दिलात तर दोन महिन्यांचा पगार, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला नीट मिळेल. नाही दिलात तर कंपनी तुम्हाला काढेल, आणि उद्या दुसऱ्या कंपनीने चौकशी केली की आम्हाला तसे सांगावे लागेल. मजकूर तयार होता. त्याने तो स्वतःच्या लॅपटॉपवरून पाठवायचा, एवढेच उरले होते. 'वैयक्तिक कारणास्तव' असे त्यात लिहिलेले होते.

तीन दिवसांत माझ्यासमोर अकरा जणांनी राजीनामे दिले. त्यांतल्या आठ जणांच्या मुलाखती मीच घेतल्या होत्या, त्यांना कामावर मीच घेतले होते. एकाने फक्त एवढेच विचारले, "सर, घरी फोन करून येऊ का?" एचआरच्या मुलीने मान हलवून नाही म्हटले, आणि मी गप्प राहिलो.

मी टेबलाच्या कंपनीकडच्या बाजूला होतो. हे लपवून हे पत्र लिहिले असते तर पुढचे काही लिहायचा मला अधिकार नव्हता. वर्षभराने मीही नोकरी सोडली. माझा राजीनामा मात्र खरोखरच माझा होता.

महोदय, आपल्या खात्याच्या लेखी त्या आठवड्यात त्या इमारतीत काहीही घडलेले नाही. कोणाला काढले नाही, कोणाची कपात झाली नाही. अकरा प्रौढ, शिकलेली माणसे वैयक्तिक कारणास्तव एकाच आठवड्यात स्वखुशीने निघून गेली, अशी नोंद आहे. माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेला हा सर्वांत मोठा खोटा कागद आहे, आणि त्याच्याविषयी आपण काही करू शकता म्हणून हे पत्र.

आपल्यापुढे साखर कारखान्यांचे कामगार आहेत, ऊसतोड मजूर आहेत, बांधकामावरची माणसे आहेत. त्यांच्यापुढे महिन्याला लाखभर पगार घेणाऱ्या इंजिनिअरचे दुःख ते काय, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. म्हणून आमचा आयटीचा धंदा आतून कसा चालतो आणि गेल्या काही वर्षांत त्यात काय फिरले, हे आधी सांगतो. कपातीचे कारण अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या एखाद्या बोर्डरूममध्ये घडते आणि परिणाम वाकडच्या, रावेतच्या एखाद्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिसतो. मधला रस्ता ठाऊक नसला तर दोन्ही टोके वेगवेगळी वाटतात.

या धंद्याची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) 1968 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि फकीरचंद कोहली तिची सूत्रे सांभाळत असताना, 1974 मध्ये, तिने बरोज या अमेरिकी संगणक कंपनीसाठी इथे बसून काम करून द्यायला सुरुवात केली. तेव्हा संगणक आयात करायचा तर त्याच्या बदल्यात निर्यात करून दाखवावी लागे. त्या अडचणीतूनच परदेशाचे काम इथे करून पाठवण्याची वाट निघाली. 1981 मध्ये सात जणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिस उभी केली. ती पुढे बंगळूरला गेली. 1989 मध्ये कोडॅकने आपला संगणक विभाग आयबीएमकडे सोपवला आणि मोठमोठ्या कंपन्यांना कळले की आपल्या घरातले हे काम बाहेर दिले तरी चालते. मग 1991 चे खुले धोरण आले, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, आणि शतक संपताना वाय-टू-केच्या, म्हणजे 2000 साल उजाडताच संगणकांच्या तारखा चुकतील या, धास्तीने जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला हजारो हात लागले. ते हात आपल्याकडे तयार होते.

ते तयार का होते, हे या राज्याने विसरू नये. 1983 मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. गावोगावच्या संस्थांनी कॉलेजे काढली. लातूर, सांगली, अमरावती, जळगाव इथल्या घरांनी एकरभर जमीन काढून नाहीतर सोसायटीचे कर्ज घेऊन पोरांना तिथे घातले. कॅम्पस इंटरव्ह्यूत नाव लागले की गावात पेढे वाटले जात. मी स्वतः त्यांतलाच. माझ्या वडिलांनी माझ्या शेवटच्या वर्षाची फी बैलजोडी विकून भरली. 2024-25 मध्ये भारतातल्या या उद्योगात सुमारे 58 लाख माणसे काम करत होती आणि त्याची वार्षिक उलाढाल 280 अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. या उद्योगाची इमारत अशा लाखो बैलजोड्यांवर उभी आहे.

आता धंदा कसा चालायचा ते. आम्ही सॉफ्टवेअर विकतो असे बाहेर म्हटले जाई, पण खरे तर आम्ही माणसांचे तास विकत होतो. अमेरिकेतल्या विमा कंपनीला पंचवीस-तीस डॉलर तासाने पुण्यातला माणूस द्यायचा. त्याला महिन्याकाठी जे द्यायचे ते रुपयांत. मधला फरक कंपनीचा. माणूस क्लायंटच्या खात्यावर असला तर 'बिलेबल', नसला तर 'बेंच'वर. टीमची बांधणी पिरॅमिडसारखी : वर एखादा अनुभवी, खाली पुष्कळ फ्रेशर. फ्रेशर जितके जास्त आणि जितके स्वस्त, तितका नफा जास्त. म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या कंपन्यांत फ्रेशरला वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास मिळायचे आणि आजही ते साडेतीनच्या आसपासच आहे. याच दहा-बारा वर्षांत हिंजवडीतल्या पीजीचे भाडे मात्र बरेच वाढले.

या बांधणीत लाख दोष होते, पण तिच्यात नोकरीला एक आधार होता. प्रत्येक जादा माणूस म्हणजे जादा बिल, जादा उत्पन्न. कंपनीला माणसे हवी असायची. बेंचवरचा माणूस उद्या विकला जाणारा माल असे, म्हणून त्याला सांभाळले जाई. कोविडनंतर हे शिगेला पोचले. जगभरच्या कंपन्या घाईने डिजिटल होत होत्या. 2021-22 या एका वर्षात टीसीएसने एक लाखाहून अधिक फ्रेशर घेतले. इन्फोसिसमधले नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण 2022 च्या जूनच्या तिमाहीत 28.4 टक्के होते. म्हणजे माणसे टिकवायची कशी, ही कंपन्यांची चिंता होती. मी तेव्हा माझ्या टीममधल्या मुलांना हातापाया पडून थांबवत होतो.

दोन वर्षांत चित्र उलटले. 2023-24 मध्ये टीसीएसची एकूण संख्या 13,249 ने आणि इन्फोसिसची 25,994 ने घटली. दोन दशकांत या कंपन्यांच्या वर्षअखेरीच्या आकड्यांत अशी घट दिसली नव्हती. अमेरिकेत व्याजदर चढले, बँका आणि विमा कंपन्यांनी खर्च आवरला, मोठी कामे लांबली. 2023 च्या जूनमध्ये ट्रान्सअमेरिका या अमेरिकी विमा कंपनीने टीसीएसबरोबरचा दोन अब्ज डॉलरचा करार मुदतीआधी संपवला. दहा वर्षांचा करार पाच वर्षांतच मिटला. आमच्या धंद्यातल्या बहुतेक करारांत असे कलम असते की क्लायंट कारण न देता, ठरावीक दिवसांची सूचना देऊन काम थांबवू शकतो. पूर्वी ते कलम कागदावरच राहायचे. आता ते वापरले जाते.

पण व्याजदर उतरतात, मंदीही सरते. मला जे खरे कारण वाटते ते वेगळे आहे, आणि इथे मी जरा थांबतो.

2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात आमच्या करारांच्या नूतनीकरणाच्या बैठकींची भाषा बदलली. क्लायंट विचारू लागला, चाचणीचे निम्मे काम मशीन करते ना, मग मी शंभर माणसांचे पैसे का देऊ? तुमची बचत झाली तर त्यातला माझा वाटा किती? त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. जुना कोड नव्या भाषेत आणणे, टेस्ट केसेस लिहिणे, पहिल्या पायरीवरचा सपोर्ट, तिकिटे बंद करणे, ही कामे खरोखरच कमी माणसांत होऊ लागली. मग करार तासांवरून निकालावर आले : एवढे काम, एवढी रक्कम, तुम्ही किती माणसे लावता ते तुमचे तुम्ही पाहा. ऐकायला हा साधा हिशेबाचा बदल आहे. पण महोदय, त्याने कंपनी आणि माणूस यांच्यातले नातेच फिरवले. तास विकताना जादा माणूस हे उत्पन्न होते. निकाल विकताना जादा माणूस हा खर्च आहे. ज्या कंपनीला कालपर्यंत माणसे वाढवण्यात नफा होता, तिला आता माणसे घटवण्यात नफा आहे. कंपनी तीच, व्यवस्थापक तेच, पण गणिताचे चिन्ह बदलले. माझ्यासारखा व्यवस्थापक वीस वर्षे 'हेडकाउंट' वाढवून बढती घेत आला. शेवटच्या वर्षी मला बढती मिळाली ती हेडकाउंट कमी केल्याबद्दल.

जोडीला आणखी काही गोष्टी घडत होत्या. पूर्वी एकेका बँकेचे काम दहा-पंधरा कंपन्यांत वाटलेले असे. आता ती बँक तीन-चार ठेवते आणि त्यांना सांगते, जास्त काम देतो, दर उतरवा. काही क्लायंट आपले काम आमच्याकडून काढून इथल्याच स्वतःच्या कचेरीत नेतात. त्या कचेऱ्यांना ग्लोबल कपॅबिलिटी सेंटर म्हणतात. 2023-24 मध्ये भारतात अशी 1,700 हून अधिक केंद्रे होती, त्यांत 19 लाख माणसे होती. महाराष्ट्राने 2025 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आणि चार लाख नोकऱ्यांची अपेक्षा धरली. ही केंद्रे चांगला पगार देतात, काम चांगले देतात. पण ती निवडून माणसे घेतात. पंचेचाळिशीतला, एकाच जुन्या प्रणालीवर आयुष्य घालवलेला माणूस त्यांना नको असतो. अमेरिकेला वेळ जुळणारे देश हवेत म्हणून काही काम मेक्सिकोकडे जाते, युरोपचे काही पोलंडकडे. 19 सप्टेंबर 2025 ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. त्या वेळच्या दराने ते 88 लाख रुपयांच्या जवळपास जाते, म्हणजे आपल्याकडच्या एका फ्रेशरचा पंचवीस वर्षांचा पगार. त्याच महिन्यात तिथल्या सिनेटमध्ये परदेशी आउटसोर्सिंगच्या पैशांवर 25 टक्के कर लावण्याचे विधेयक मांडले गेले. विधेयक नुसते मांडले गेले तरी इथल्या करारावरची सही लांबते. सही लांबली की माणसे बेंचवर येतात.

बेंचवरही आता बसता येत नाही. टीसीएसने 2025 च्या जूनपासून नियम केला की वर्षात किमान 225 दिवस बिलेबल हवेत, बेंच 35 दिवसांच्या वर नको. पुढच्या महिन्यात तिने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे 12,000 हून अधिक लोक कमी करण्याचे जाहीर केले. सप्टेंबरच्या तिमाहीत एकूण संख्या 19,755 ने घटली. त्यांपैकी सुमारे 6,000 जणांना आपण कमी केले, असे कंपनीने सांगितले. कर्मचारी संघटनांना तो आकडा पटला नाही. कोण खरे, यात मी पडत नाही. मला दिसते ते असे की प्रत्येक गेलेल्या माणसाच्या कागदावर काय लिहिले आहे, ते कोणी लिहायला लावले, हे पाहणारी तिसरी यंत्रणाच नाही. सगळ्या जगाच्या बाजारातली ही एवढी मोठी उलथापालथ, आणि तिची या राज्याच्या सरकारी दप्तरात नोंद काय? काही हजार लोकांची वैयक्तिक कारणे.

म्हणून राजीनामा हा शब्द मी इतका धरून बसलो आहे. कंपन्या कपातीला राजीनाम्याचे रूप का देतात, हे मला आतून माहीत आहे. कपात केली तर कायदा लागू होतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा येतो. जो दिवसभर कोड लिहितो, टेस्टिंग करतो, सर्व्हर सांभाळतो तो तांत्रिक काम करतो, मग त्याच्या ईमेलखाली 'लीड' लिहिलेले असो की 'असोसिएट मॅनेजर'. हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम पाहायचे, हे न्यायालयांनी जुन्या कायद्याखालीही पुन्हा पुन्हा सांगितले आहे. वर्षभर सलग काम केलेल्या अशा माणसाची कपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार द्यावा लागतो, दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते, सरकारला कळवावे लागते, शेवटी आलेला आधी जाईल हा क्रम सोडला तर कारण नोंदवावे लागते, आणि पुन्हा भरती निघाली तर त्याला आधी विचारावे लागते. शिवाय संहितेने एक नवी गोष्ट आणली आहे : कपात झालेल्या प्रत्येकामागे पंधरा दिवसांचा पगार मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो त्या माणसाच्या खात्यात जायचा.

परवानगीची अट कारखाने, खाणी आणि मळ्यांना आहे, आयटीला नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे कायदा कंपनीला कपात करू नको असे म्हणतच नाही. तो एवढेच म्हणतो की उघड कर, हिशेब दे, सरकारला सांग. तेवढेही करायचे नसते म्हणून चौथ्या मजल्यावर खोली लागते. माणसाने स्वतः राजीनामा दिला की यातले एकही कलम लागू होत नाही. चौदा वर्षे काम केलेल्याला सात महिन्यांची भरपाई मिळाली असती, त्याला दोन महिन्यांचा पगार देऊन निरोप मिळतो, आणि वर तो आभार मानून जातो.

नोटिशीचा नियमही पाहा. आमच्याकडे कर्मचाऱ्याला नोकरी सोडायची असेल तर नव्वद दिवस थांबावे लागते. काम दुसऱ्याला समजावून द्या, केटी (नॉलेज ट्रान्सफर) पूर्ण करा, मग जा. दुसऱ्या कंपनीने कितीही घाई केली तरी तारीख पुढे येत नाही. कित्येकांच्या हातची चांगली संधी या नव्वद दिवसांनी गेली. कंपनीला माणूस नको झाला की मात्र संध्याकाळी सहाला लॅपटॉप जमा आणि ओळखपत्र बंद. एकच करारपत्र, त्यात एका बाजूला नव्वद दिवस आणि दुसऱ्या बाजूला एक दुपार.

आपण विचाराल, मग ही शिकलेली माणसे तक्रार का करत नाहीत? आयटी कर्मचाऱ्यांच्या, पुण्यातल्या नाइट्ससारख्या संघटनेने तक्रारी केल्या आहेत, पण नावानिशी पुढे येणारे फार थोडे. कारण पुढची नोकरी. नवी कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते. जुन्या कंपनीला विचारले जाते : हा का गेला, याला पुन्हा घ्याल का? त्या दुसऱ्या प्रश्नापुढे एचआरने 'नाही' अशी खूण केली की पंधरा वर्षांची कारकीर्द एका चौकोनात अडकते. त्या खोलीत आम्ही जी धमकी दिली ती हीच होती. आवाज न चढवता, चहा विचारून दिली. गिरणी संपात दत्ता सामंतांच्या मागे रस्त्यावर उतरलेल्या गिरणी कामगाराला निदान माहीत होते की तो कामगार आहे. आमच्या मुलाला कोणी ते कधी सांगितलेच नाही. त्याला 'रिसोर्स' म्हटले, 'असोसिएट' म्हटले, 'फॅमिली' म्हटले. कामगार आयुक्तांचे ऑफिस पुण्यात कुठे आहे, हे त्या अकरा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

त्यांच्यातल्या एकाविषयी लिहितो. त्रेचाळीस वर्षांचा, मराठवाड्यातला. एका अमेरिकी विमा कंपनीच्या दाव्यांची जुनी मेनफ्रेम प्रणाली त्याने चौदा वर्षे सांभाळली. कोणत्या राज्यातल्या पॉलिसीला कोणता अपवाद आहे हे त्याला कागद न पाहता सांगता येई. क्लायंटची माणसे बदलत गेली तेव्हा नव्यांना त्यांच्याच कंपनीचा धंदा त्याने शिकवला. नवी प्रणाली आणायचे ठरल्यावर सगळे ज्ञान लिहून काढायचे काम त्यालाच दिले. त्याने आठ महिने जीव ओतून ते केले. ते कागद मशीनला शिकवायला वापरले गेले, काम सुरळीत पार पडले, आणि नवव्या महिन्यात तो माझ्यासमोरच्या खुर्चीत होता. पुनावळ्याच्या फ्लॅटचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी. मुलगी दहावीत. "माझे काय चुकले तेवढे सांगा," तो म्हणाला. त्याचे काहीच चुकले नव्हते, आणि मला ते म्हणायची परवानगी नव्हती. कारण काही चुकले नाही असे मी म्हटले असते तर ती कपात ठरली असती.

मशीन आले याबद्दल माझी तक्रार नाही. ते येणारच होते आणि त्यातून नवी कामेही निघतील. ओहायोतल्या किंवा लंडनमधल्या क्लायंटने करार वाढवावा म्हणून आपले सरकार काही करू शकत नाही. एखाद्या कंपनीचे काम खरेच संपले तर तिने माणसे आयुष्यभर पोसावीत, असेही मी म्हणत नाही. पण बाजाराची जोखीम कोणी सोसायची, हा प्रश्न आपल्या खात्याचा आहे. पन्नास वर्षे या बाजाराचा नफा कंपन्यांनी घेतला आणि तो घेण्यासाठी राज्याने त्यांना एमआयडीसीची जमीन दिली, मुद्रांक शुल्कात सूट दिली, विजेचा औद्योगिक दर दिला. आता तोटा आला तेव्हा तो टेबलापलीकडच्या माणसाने 'वैयक्तिक' म्हणून सही करून घरी न्यावा, हे मला मान्य नाही.

आपल्या हातात काय आहे? नव्या संहितांचे नियम, त्यांची अंमलबजावणी, तपासणी हे राज्याच्या हातात आहे. राजीनामा दिल्यापासून पंधरा दिवसांत, तो दबावाखाली दिला असे कर्मचाऱ्याने कळवले, तर तो आपोआप स्थगित होईल, अशी तरतूद करा. ही एकच गोष्ट झाली तरी त्या खोलीचा उपयोग संपेल, कारण त्या खोलीचे सगळे बळ 'आजच' या शब्दात आहे. माणसाला घरी जाऊन बायकोशी बोलू द्या, वकिलाला विचारू द्या, रात्रभर झोपू द्या. दुसऱ्या दिवशी तो तोच कागद पाठवेल की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्या.

एका आस्थापनेतून एका तिमाहीत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त राजीनामे आले तर त्यांची यादी, सेवेची वर्षे आणि दिलेली रक्कम कामगार आयुक्तांकडे जाणे बंधनकारक करा. नावे जाहीर करू नका, आकडे करा. अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर ही कंपनीची मेहेरबानी नाही, ती कोणत्याही अटीला बांधता येऊ नये. पिंपरी-चिंचवड आणि पुण्यासाठी एक असा अधिकारी नेमा ज्याला बिलेबल म्हणजे काय, पीआयपी (परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन) म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. आणि नव्या ग्लोबल कपॅबिलिटी केंद्रांना जी सवलत आपण देणार आहात, ती देताना नोकऱ्या किती दिल्या हे विचारता, तसे किती गेल्या आणि कशा गेल्या तेही विचारा. नवीन येणाऱ्या कंपनीला तरी हे पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या.

पुनर्कौशल्य निधीबद्दल एकच सांगतो. पंधरा दिवसांच्या पगारात त्रेचाळीस वर्षांचा मेनफ्रेमवाला नवे शिकून उभा राहणार नाही, हे उघड आहे. पण तेवढे पैसे त्याच्या खात्यात यायलाही आधी त्याची कपात झाली हे कागदावर यावे लागते. आज ते येत नाही. म्हणून संसदेने केलेल्या या तरतुदीचा लाभ ज्या माणसांना सर्वांत आधी व्हायला हवा, त्यांना तो मिळत नाही.

कंपन्या म्हणतील, असे नियम केले तर काम हैदराबादला जाईल. गेली वीस वर्षे मी हे ऐकतो आहे. रस्ते नाहीत तर जाईल, वीज महाग तर जाईल, वाहतूक कोंडी सुटली नाही तर जाईल. हिंजवडीची कोंडी अजून सुटलेली नाही आणि काम अजून इथेच आहे. काम इथे राहिले ते इथल्या माणसांमुळे.

त्या अकरा जणांपैकी सात जण अजून माझ्याशी बोलतात. चौघांना कमी पगारावर का होईना नोकरी लागली. एकाने मोशीत पिठाची गिरणी टाकली. एक गावाकडे गेला. मराठवाड्यातला तो अजून अर्ज करतो आहे आणि प्रत्येक मुलाखतीत, आधीची नोकरी का सोडली, या प्रश्नाला 'वैयक्तिक कारणास्तव' हेच उत्तर देतो, कारण कागदावर तेच आहे.

कागदावर तसे लिहून घेणाऱ्यांत मी होतो. त्या तीन दिवसांत त्या खोलीत कोणाला काय सांगितले, मजकूर कोणी तयार केला आणि आदेश कोणत्या शब्दांत आला, हे मला तपशीलवार आठवते. आपल्या खात्याच्या अधिकाऱ्याने बोलावले तर मी येईन आणि शपथेवर सांगेन.

आपला,
हिंजवडीत एकवीस वर्षे नोकरी केलेला एक प्रकल्प व्यवस्थापक